मदत हवी आहे: आक्कांचं ऑपरेशन आधी की केमो आधी?

नमस्कार मंडळी. सोमवारच्या आत ठरवायचं आहे, म्हणून घाईत लिहिते आहे. काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वय 47, राहायला पंढरपूर तालुक्यात. शिवणकाम करतात, लग्नसराईत रात्री बारापर्यंत त्यांची मशीन चालू असते. दिवाळीनंतर उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून दोन महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी झाली. गाठ 3.4 सेंटिमीटर, ग्रेड 3, म्हणजे जोरात वाढणारी. काखेतल्या एका गाठीत (लिम्फ नोडमध्ये) सुई घालून नमुना घेतला, त्यातही कॅन्सरच्या पेशी निघाल्या. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसत नाही.

जवळच्या शहरातले सर्जन म्हणतात, सोमवारी भरती व्हा, पूर्ण स्तन आणि काख साफ करू, केमोचं नंतर बघू. पुण्यातल्या केमोच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले तर ते म्हणाले, घाई करू नका, बहुतेक केमो आधी द्यावी लागेल. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, साप घरात दिसला की आधी बाहेर काढायचा, बाकीच्या गोष्टी मग. भाऊजींनाही तेच पटतं. खरं सांगायचं तर मलाही रात्री तेच वाटतं. गाठ तशीच अंगात ठेवून चार-पाच महिने औषधं द्यायची, आणि तोवर ती पसरली तर?

ज्यांच्या घरी ही वेळ येऊन गेली आहे त्यांनी कृपया लिहा. काढे, रस, जडीबुटी सुचवू नका, हात जोडते. त्यासाठी आमच्याकडे दिवस नाहीत.

प्रतिसाद १

ताई, माझं स्वतःचं ऑपरेशन आधी झालं होतं. गाठ जेमतेम दीड सेंटिमीटर, काख स्वच्छ, आणि हार्मोनवर वाढणारा प्रकार. गाठ काढली, रेडिएशन घेतलं, केमो लागलीच नाही, गोळ्या चालू आहेत. माझ्यासाठी तो क्रम बरोबर होता. पण माझ्यावरून आक्कांचं ठरवू नका. काखेत गेलेली ग्रेड 3 ची गाठ वेगळी. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच दिसली नाही: ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) यांचा रिपोर्ट आला का?

धागाकर्ती

नाही आला. लॅबनं आठ-दहा दिवस लागतील असं सांगितलंय. सर्जन म्हणाले, तो ऑपरेशननंतर आला तरी चालेल.

प्रतिसाद २

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, बायोप्सीच्या नमुन्याचे असे मेणातले ब्लॉक रोज हाताखालून जातात. डॉक्टर नाही, म्हणून उपचार सांगणार नाही. पण तो रिपोर्ट आल्याशिवाय सोमवारची तारीख पक्की करू नका, एवढं कळकळीनं सांगते. क्रम त्या रिपोर्टवरच ठरतो. हर-टू 0 किंवा 1 प्लस म्हणजे निगेटिव्ह, 3 प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि 2 प्लस आला तर फिश नावाची पुढची तपासणी लागते. एका आठवड्यात गाठ हाताबाहेर जात नाही. बायोप्सीची सुई लागली म्हणून कॅन्सर पसरतो, हे कुणी घरात म्हणत असेल तर तेही खरं नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. आधी केमो दिल्यानं माणूस दगावतो का, हे अमेरिकेत 1988 पासून मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. 1523 बायका होत्या. निम्म्यांना तीच केमो ऑपरेशनआधी, निम्म्यांना नंतर. जगण्यात फरक पडला नाही. उलट आधी केमो घेतलेल्यांपैकी जास्त जणींचा स्तन वाचवता आला. पुढे 2018 साली अशा 10 चाचण्यांतल्या 4756 बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, त्यातही मृत्यूंत फरक नव्हता. दुसरी बाजूही सांगते. त्याच जागी परत गाठ येण्याचं प्रमाण 15 वर्षांत आधी केमो घेतलेल्यांत 21.4 टक्के निघालं, नंतर घेतलेल्यांत 15.9. पण त्या चाचण्या जुन्या आहेत, काहींत गाठ विरघळल्यावर बऱ्याच जणींचं ऑपरेशनच केलं नव्हतं. म्हणून केमोनं कितीही छान फरक पडला तरी ऑपरेशन टाळायचं नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा.

क्रमाचा खरा फायदा पुढे आहे. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) प्रकारात आधी केमो दिली की औषध लागू पडतंय की नाही हे गाठीवरच दिसतं. ऑपरेशनात काढलेल्या भागात जिवंत पेशी उरल्या असतील तर पुढचं औषध बदलता येतं. हर-टू प्रकारात अशा उरलेल्या रोगावर औषध बदलून पाहिलं, तेव्हा रोग परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. गाठ आधीच काढून टाकली तर ही खूण हातून जाते.

धागाकर्ती

तुमचं लिहिणं मी भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. सोमवार रद्द केला. सर्जनना फोन मीच केला, हात थरथरत होता. ते रागावले नाहीत. "रिपोर्ट घेऊन या, मग बोलू," एवढंच म्हणाले.

प्रतिसाद ३

आईचं केमो-आधी झालं आहे, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. पहिल्या केमोच्या आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्या. गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी. काखेतली जी गाठ तपासली तिलाही खूण करतात का, ते विचारा. टूडी इको करून घ्या. दाताचं काही असेल तर आत्ताच उरका. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून स्वतःजवळ ठेवा, टाटाला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायचं तर ते लागतातच. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा. मंजुरी आधी घ्यावी लागते. आम्ही पहिल्या सायकलचे पैसे खिशातून भरून बसलो होतो.

धागाकर्ती

रिपोर्ट आला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू 3 प्लस.

पहिल्यांदा सर्जनकडेच गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाले, आता केमो आधी, मी नंतर ऑपरेशन करतो. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी अढी होती ती तिथेच गेली. पुण्याच्या डॉक्टरांचंही तेच. दर 21 दिवसांनी एक अशा सहा सायकल, सोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध, आणि ते इंजेक्शन ऑपरेशननंतरही चालू ठेवून एकूण एक वर्ष. इको त्यासाठीच, त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. प्रत्येक सायकलला गाठ हातानं तपासणार आहेत. वाढताना दिसली तर केमो थांबवून ऑपरेशनला घेणार. असं फार थोड्या जणींत होतं म्हणाले. माझ्या "तोवर पसरली तर?" या प्रश्नाचं हे सरळ उत्तर मिळालं आणि त्या रात्री मला झोप लागली.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. इतके दिवस आम्ही सगळे आक्कांबद्दल बोलत होतो, त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. पुण्याला डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर त्या म्हणाल्या, "स्तनाचं जे व्हायचं ते होऊ द्या. माझा उजवा हात राहील का?" मी बघतच राहिले. आम्ही घरात जगण्या-मरण्याचं बोलत होतो आणि त्या मशीनचा विचार करत होत्या. डॉक्टरांनी नीट समजावलं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका असतो. केमोनं काख स्वच्छ झाली तर काही रुग्णांत थोड्याच गाठी काढून तपासल्या तरी भागतं. नक्की होईलच असं नाही, पण वाट आहे. आधी ऑपरेशन केलं असतं तर ही वाट नव्हती. आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "मग आधी औषधच द्या." निर्णय असा झाला. सासूबाईंना घरी येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं.

क्लिप बसवली आहे, काखेतही खूण केली आहे. आरोग्यमित्रांकडे कागद दिलेत. पर्टुझुमॅब नावाचं आणखी एक औषध जोडलं तर चांगलं, पण ते महाग आहे. त्याची किंमत आणि सवलत यावर बोलणं चालू आहे.

गुरुवारी पहिली केमो. आता आक्कांचाच प्रश्न विचारते. केमोतल्या डोसेटॅक्सेल या औषधानं बोटं बधिर होतात असं डॉक्टरांनी सांगितलंय. कुणी केमोच्या मधल्या दिवसांत शिवणकाम, भरतकाम किंवा सुईचं कोणतंही काम चालू ठेवलं होतं का? बोटांना कधीपासून जाणवायला लागलं, आणि डॉक्टरांना सांगितल्यावर डोस कमी केला का? वैशाखातल्या लग्नांच्या 14 ब्लाउजची ऑर्डर त्यांनी घेतलेली आहे. परत करायची की नाही, ते त्यांना गुरुवारच्या आधी ठरवायचं आहे.