उजवीकडची पोटदुखी, पण अपेंडिक्स दिसत नाही : मदत हवी आहे

माझ्या १३ वर्षांच्या मुलीच्या पोटात परवापासून उजवीकडे खाली दुखतंय. अपेंडिक्सच असणार असं धरून आम्ही दवाखान्यात धावलो. सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसलंच नाही, आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी मात्र सुजलेल्या दिसल्या. आठवड्यापूर्वी तिला ताप आणि घसादुखी होती, म्हणून डॉक्टरांना या ग्रंथींच्या सुजेचा, म्हणजे मेसेंटेरिक अ‍ॅडिनायटिसचा संशय आहे. ते असेल तर ऑपरेशन लागत नाही, सूज आपोआप उतरते.

मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मुलींमध्ये अंडाशयाला पीळ पडला तरी अगदी असंच दुखतं, आणि तेव्हा काही तासांचा उशीरसुद्धा महागात पडतो. दुखणं अचानक, जोरात, उलट्यांसकट सुरू झालं का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं. तसं नव्हतं. सोनोग्राफीत अंडाशयं ठीक दिसली. लघवीची तपासणीही चांगली आली, त्यामुळे मूतखडा आणि लघवीचा संसर्ग तूर्त मागे पडलेत. रक्तात पांढऱ्या पेशी थोड्या वाढल्यात, पण त्या अपेंडिक्सच्या सुजेत आणि या ग्रंथींच्या सुजेत, दोन्हीकडे वाढू शकतात ना!

आज संध्याकाळी पुन्हा तपासणी आहे. दुखणं वाढलं, पोट कडक झालं किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच यायला सांगितलंय.

कुणाच्या मुलांना असं झालं होतं का? नक्की निदान कशावरून झालं, पुन्हा केलेल्या सोनोग्राफीवरून की सीटी स्कॅन, एमआरआय करावं लागलं? दुखणं किती दिवस टिकलं? आणि संध्याकाळी डॉक्टरांना आणखी काय विचारू?