एटोशाचा विचार नक्की करा
मसाई मारा झालं, आता पुढे कुठे, आणि दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी न करता प्राणी दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानाला. तिथलं जवळपास ४,८०० चौरस किलोमीटरचं खारं मैदान वर्षातला बराच काळ कोरडं ठणठणीत असतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तर आसपास पाणी उरतच नाही, म्हणून सगळे प्राणी ठरावीक पाणवठ्यांवर येतात. आपण फक्त बसून राहायचं!

उद्यानातल्या ओकाउकुएजो या मुक्कामाच्या कॅम्पच्या कुंपणालगतच असा पाणवठा आहे आणि रात्रभर त्यावर दिवे असतात. काळा गेंडा लगेच पुढे येत नाही. उजेडाच्या कडेला थबकतो, कान इकडे तिकडे वळवतो, मग पाण्याला तोंड लावतो. त्याचा टोकदार वरचा ओठसुद्धा दिसतो. हत्ती येतात ते पांढुरक्या मातीने माखलेले. तिथे कृपा करून गप्पा मारू नका, फ्लॅश तर नकोच.

मुक्काम उद्यानाच्या आतच घ्या, थोडा महाग पडला तरी. फाटकं सूर्यास्ताला बंद होतात, बाहेर राहिलात तर रात्रीचं हे सगळं हुकेल. गाडी स्वतः चालवता येते, आपल्यासारखीच डाव्या बाजूने.