मदत हवी आहे: सुलिव्हन आडनावाचं आयर्लंडमधलं मूळ गाव

अबोली७७
आडनाव सुलिव्हन. मूळ गाव शोधायचंय. दोन आठवडे रोज रात्री बसतेय, हाती काही नाही. कॉर्कच्या चर्चच्या नोंदी चाळल्या, मला हवा तो जेरेमाया त्यात नाहीच. पैसे भरून एका वंशावळीच्या साइटवर नाव घातलं तर शेकड्यांनी जेरेमाया सुलिव्हन समोर आले. दहा दिवसांनी विमान आहे. कोणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

रानजाई
ताई, कोणाचं आडनाव? कधी निघाले, कुठे गेले, कॅथलिक की प्रोटेस्टंट? त्या भागात सुलिव्हन म्हणजे कोल्हापुरात पाटील. एवढ्यावर कोणी काय सांगणार?

गडवाटा
सुलिव्हन म्हणजे आयरिशमध्ये 'ओ सूलवान'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'सूल' म्हणजे डोळा. पुढच्या भागावर अभ्यासकांचं एकमत नाही, कोणी काळ्या डोळ्यांचा म्हणतं, कोणी एकाक्ष. हे लोक मूळचे टिपरेरीचे, शुर नदीकाठच्या नॉकग्रॅफन भागातले. बाराव्या शतकाच्या अखेरीला नॉर्मन सरदारांनी रेटा लावला आणि ते पश्चिमेला डोंगराळ मुलखात सरकले. तिथे दोन पाती झाली: केनमेअरजवळ डंकेरॉनला ओ'सुलिव्हन मोर आणि बेरा द्वीपकल्पात ओ'सुलिव्हन बेअर.
बेअर घराण्याचा डनबॉय किल्ला इंग्रजांनी १६०२ च्या जूनमध्ये तोफांनी पाडला. ३१ डिसेंबरला घराण्याचा प्रमुख डोनाल कॅम ग्लेनगॅरिफहून सुमारे हजार माणसं घेऊन उत्तरेला निघाला. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. ऐन थंडी, खायला नाही, वाटेत प्रत्येक सरदार अंगावर येतोय. शॅनन नदी ओलांडायला घोडे मारून त्यांच्या कातड्याच्या होड्या केल्या. चौदा दिवसांनी लीट्रिमला ओ'रूर्कच्या गढीत पस्तीस जण पोचले. त्यांत बाई एकच. डोनाल पुढे स्पेनला गेला, १६१८ मध्ये माद्रिदला मारला गेला.

नेटकर_अण्णा
गडवाटा, माहिती उत्तम आहे, पण त्यांना गाव हवंय.
अबोली, नोंद सापडत नाही याचं कारण सरळ आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात उतरताना अधिकाऱ्यांनी नाव बदललं असणार. मूळचं ओ'सुलिव्हन.

नोंदवही
अण्णा, हे सगळीकडे सांगतात, पण खरं नाही. बेटावरचे अधिकारी जहाज कंपनीने आणलेल्या यादीवरून नावं तपासत. शिवाय ते केंद्र सुरू झालं १८९२ मध्ये. 'ओ' त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी अमलात, आयर्लंडमध्येच गळाला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक तो पुन्हा लावू लागले. एकाच घरात एक भाऊ 'ओ' लावणारा, दुसरा न लावणारा. दोन्ही शोधा.

सातासमुद्रापार
डीएनए चाचणी करा आणि मोकळ्या व्हा. मी केली, सहा आठवड्यांत सगळं कळलं.

नोंदवही
त्यांचं विमान दहा दिवसांवर आहे. आणि बेरासारख्या भागात पिढ्यानपिढ्या आपापसात लग्नं झालीत, सगळेच एकमेकांचे लांबचे चुलत निघतात. आधी कागद.

सातासमुद्रापार
कागद १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याच्या आगीत जळाले हेही सांगा की. तुम्ही उगाच आशा दाखवताय.

नोंदवही
जुन्या जनगणना त्या आगीत गेल्या, १८८१ आणि १८९१ च्या तर त्याआधीच, पहिल्या महायुद्धात लगद्याला गेल्या. पण १९०१ आणि १९११ पूर्ण आहेत, फुकट बघता येतात. जन्मनोंदणी १८६४ पासून आहे. कॅथलिक चर्चच्या वह्या चर्चमध्ये होत्या, त्या वाचल्या. सगळं जळालं ऐकून लोक शोधच सोडतात, म्हणून मला हे वाक्य खटकतं.

हिरवा_पासपोर्ट
आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर नागरिकत्व मिळतं, परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. पणजोबा असतील तर अडचण आहे. कागदपत्रांची यादी हवी असेल तर देते.

अबोली७७
पासपोर्ट नकोय हो. सांगायचं राहिलंच, माफ करा. सासरे ८४ वर्षांचे आहेत, त्यांना एकदा त्या मातीवर उभं राहायचंय. त्यांचे आजोबा मोंटानात ब्यूटला तांब्याच्या खाणीत होते. कॅथलिक. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांचा जन्म १८६५ आणि आल्याचं साल १८८७ आहे. घरात फक्त 'आपण कॉर्कचे' एवढंच बोललं जायचं. एक पुठ्ठ्यावरचा फोटो आहे, मागे पेन्सिलीने 'जेरी बॉन' लिहिलंय. बॉन हे मधलं नाव असावं.

रानजाई
ब्यूट हे आधी सांगायचं ना, ताई! बेराच्या टोकाला ॲलिहीसला १८१२-१३ च्या सुमारास पक्सली घराण्याने तांब्याच्या खाणी काढल्या. १८८० च्या दशकात त्या बसल्या आणि हाताला खाणकाम असलेली माणसं ब्यूटला गेली. तिथल्या ॲनाकोंडा खाणीचा मार्कस डेली स्वतः कॅव्हनचा आयरिश, आयरिश माणसांना काम द्यायचा. एक भाऊ गेला की तो पुढच्याचं तिकीट धाडायचा.

नोंदवही
आणि बॉन हे मधलं नाव नाही! आयरिश 'बान', म्हणजे पांढरा, गोरा. एका खोऱ्यात सगळेच सुलिव्हन, मग शाखेला टोपणनाव: बॉन, रुआ म्हणजे तांबड्या केसांचे, असं. आपल्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एकच असलं की 'वरच्या आळीचे', 'वाड्यावरचे' म्हणतो ना, तसंच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाद्री कधीकधी आडनावाच्या जागी हेच लिहीत. आडनाव बॉन घालून शोधा.
दुसरं, तुम्ही कॉर्कच्या नोंदी पाहिल्यात. बेराची ती बाजू कॉर्क काउंटीत आहे, पण चर्चच्या हिशेबात केरी धर्मप्रांतात. केरीच्या नोंदींत बघा.
तिसरं, जेरेमाया हे दिअरमिद या आयरिश नावाचं इंग्रजी रूप. त्याचंच दुसरं रूप डार्बी. तेही घाला.

अबोली७७
हात थरथरतायत. सापडले! पण दोन सापडले. दोघेही बेरातल्या आयरीस गावचे, दोघांपुढे बॉन, दोघांचा बाप्तिस्मा १८६५ मधला. एक डार्बी, वडील टिमथी. दुसरा जेरेमाया, वडील कॉर्नेलियस. आता?

सातासमुद्रापार
म्हणूनच डीएनए म्हणालो होतो.

नोंदवही
सासऱ्यांच्या आजोबांच्या थोरल्या मुलाचं नाव काय? त्या लोकांत पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घ्यायचा, दुसरा आईच्या वडिलांचं.

अबोली७७
थोरले काका कॉन. कॉन म्हणजे कॉर्नेलियस ना? सासऱ्यांना अमेरिकेत फोन लावते, तिकडे सकाळ झाली असेल.

गडवाटा
कॉन म्हणजे कॉर्नेलियसच, आयरिश कोनहूरचं इंग्रजी रूप. तरी नामकरणाची रीत हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. १९०१ च्या जनगणनेत घर ताडून बघा.

अबोली७७
बघितलं. आयरीसजवळच्या एका टाउनलँडमध्ये कॉर्नेलियस सुलिव्हन, विधुर, वय ७१, शेतकरी. वाचता येत नाही. भाषेच्या रकान्यात 'आयरिश आणि इंग्रजी'. सोबत मुलगी, नाव हॅना. आणि सासऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या बहिणीची पत्रं यायची, तिचं नाव हॅना. ती पत्रं दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असायची म्हणे.
फोनवर ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, घर उभं आहे का?

नोंदवही
टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा, त्यामुळे जागा आता लहान झाली. ग्रिफिथच्या जमीन मूल्यांकनात (१८४७ ते १८६४) कॉर्नेलियसचं किंवा त्याच्या बापाचं नाव शोधा. नावापुढे क्रमांक असतो, तोच क्रमांक सोबतच्या नकाशावर असतो. तो नकाशा छापून न्या आणि आयरीसमध्ये कोणा म्हाताऱ्या माणसाला दाखवा. 'सुलिव्हन' म्हणू नका, 'बॉन' म्हणा.

हिरवा_पासपोर्ट
सासऱ्यांच्या आजोबांचा जन्म तिथला, म्हणजे सासऱ्यांना नागरिकत्व मिळू शकतं. यादी धाडू का?

अबोली७७
त्यांना विचारून सांगते. आधी नकाशा.