सौर पंप बंद पडला की दोष पाड्यातल्या लोकांचाच का?

रानवाट
काल एक पोस्ट फिरत होती. जव्हारकडच्या कुठल्याशा पाड्यावरची सौर पंपाची टाकी, नळांना गंज चढलेला, आणि खाली मजकूर: "फुकट मिळालं की किंमत राहत नाही. यांना कितीही द्या, वाटोळंच करणार." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या पाड्यावरही दुहेरी पंप आहे, म्हणजे एकाच बोअरवर हातपंप आणि सौर मोटर दोन्ही. पॅनेलं अजून ठणठणीत आहेत. बोअरची पातळी एप्रिलात खाली गेली, मोटर कोरडी फिरली आणि जळाली. ठेकेदाराची देखभालीची मुदत तोवर संपलेली. बायांनी वर्गणी काढली, पोरांनी तिपाई लावून मोटर वर ओढली, टेम्पोत घालून तालुक्याला नेली. वाइंडिंग झालं. मग कळलं, मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचं इलेक्ट्रॉनिक कार्डही गेलंय, आणि ते फक्त कंपनीकडून येतं. कंपनीचा फोन लागत नाही. दुहेरी पंपात हातपंप तसाच राहायला हवा ना? मोटर बसवताना त्याचं हेड काढून बाजूला ठेवलं, ते परत बसवलंच नाही. सगळा उन्हाळा बाया दरीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. यात फुकट काय मिळालं ते सांगा.

काळा पाषाण
तळमळ पोचली. पण मोटर का जळाली हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात, आणि खरं दुखणं तिथेच आहे. भूजलाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. धो धो पाऊस पडतो आणि मार्चपर्यंत उताराने निघून जातो. हातपंप मारणारी बाई दमते, म्हणून बोअरला भरायला वेळ मिळतो. मोटर दमत नाही. ५,००० लिटरची टाकी भरते, वाहते, कुणी बंद करत नाही. आधी उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, बळकट करा: विहिरीच्या उताराकडच्या भेगा सिमेंटने बुजवा, जिथे जमेल तिथे बोअरचं जलभंजन करा, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा मोकळ्या करा, वर चर खणा. ही तंत्रं आपल्याच राज्यात वापरात आहेत. पण पॅनेलचा फोटो छान येतो, बुजवलेल्या भेगेचा येत नाही.

माजी सरपंच
दोघांचं ऐकलं. आता वसुलीचं बोला. आमची नळपाणी योजना वीजबिल थकलं म्हणून तुटली. सौरवर गेलो, बिल गेलं, तर लोक म्हणाले आता पाणीपट्टी कसली, ऊन काय तुमच्या बापाचं? पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जलसुरक्षकाचं मानधन, जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, वॉशर, वायर कुठून आणायची? मोबाइलच्या रिचार्जला पैसे आहेत, पाण्याला नाहीत. ती पोस्ट उर्मट आहे, पण पूर्ण खोटी नाही.

पाणवठा
सरपंच दादा, रिचार्जचं बोलूच नका. पोरगं वीटभट्टीवर गेलेलं असतं, त्याचा आवाज ऐकायला रिचार्ज लागतो. पाणीपट्टी आमच्या गटाने गोळा केली होती, वहीत सह्या आहेत. नळ बंद झाला तरी आणखी काही महिने दिली. हिशेब मागितला तर ग्रामसभा तहकूब. पाणी समितीत बायका कागदावर निम्म्या, सहीला घरी कागद येतो. माझ्या सासूच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस उगवत नाहीत. तिला किंमत शिकवायला निघालात?

माजी सरपंच
ताई, मी तुमच्या सासूबाईंना काही म्हणालो नाही. शब्द तोंडात घालू नका.

वणीकर
सगळे पाणी आलं का एवढंच विचारताय. आलेलं पाणी कसलं आहे? आमच्या यवतमाळात खोल बोअरचं पाणी काचेसारखं निर्मळ दिसतं आणि त्यात फ्लोराइड असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांचे दात तपकिरी होतात, पुढे कंबरा धरतात. टीसीएल टाकून, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) करून ते जात नाही. पंप सौर असो की डिझेलचा, विष तेच वर येणार. आमच्याकडे उथळ विहीर साफ करून वापरली तर पुष्कळदा बरी निघते.

तानसाकाठ
शहापूरचा आहे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या उशाशी, आणि आमच्या पाड्यांवर मार्चपासून टँकर. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आम्हाला दिवसाला माणशी ५५ लिटरचं सरकारी स्वप्न, तेही सूर्य उगवला तर. खरा प्रश्न हा आहे.

दादर पूर्व
प्रत्येक धाग्यात मुंबई आलीच पाहिजे का? आम्ही बिल भरतो. धरणं बांधायला पैसा लागला. आमच्याकडेही वस्त्यांमध्ये पहाटे चारला उठून हंडे लावतात.

तानसाकाठ
पैसा लागला, जमीनही लागली. ती कुणाची होती? रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. पाइपलाइन आमच्या अंगणातून जाते, तिला हात लावला तर गुन्हा. गळतीच्या डबक्यातून आमच्या आया पाणी भरतात. पहाटे चारचा नळ आम्हाला द्या, तीनला उठू.

दादर पूर्व
गळतीचं पटलं, तो आमच्या पालिकेचाही नाकर्तेपणा आहे. पण मुंबईचं पाणी तोडून तुमचा पाडा भिजणार नाही. धरण खाली, पाडे डोंगरावर. उचलायला पंप लागेलच.

काळा पाषाण
हे मात्र बरोबर आहे, मुंबईकर म्हणाले म्हणून खोटं ठरत नाही. म्हणूनच इगतपुरीकडच्या, उंचावरच्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणायची योजना महत्त्वाची. वर झरा असेल तर तो बांधून नळाने खाली आणा, मोटरच नको.

तानसाकाठ
भावलीचं नाव ऐकून कान किटले. नळाला पाणी आलं की तुमचे आभार मानेन.

रानवाट
मुंबईवर वेगळा धागा काढा, मीही भांडायला येईन. इथे एवढंच: मोटर कोरडी फिरली की आपोआप बंद होईल अशी सोय, कार्ड तालुक्यात मिळण्याची सक्ती, हातपंप जागेवर, आणि दुरुस्ती शिकलेल्या पाड्यातल्याच दोन मुली. हे निविदेत लिहायला कुणी हात धरलाय?

माजी सरपंच
चला, निविदेचं मान्य. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायला सांगतो. पण पाणीपट्टी माफ करा म्हणाल तर माझा विरोध राहील.

पाणवठा
माफ करा असं इथे कोण म्हणालं? मागची वही दाखवा, मोटर चालू करा, मग पावती फाडा.