परदेशातून डॉक्टर होऊन आलेले आमच्या सीटा खातात म्हणे!

बिश्केक रिटर्न: काल कुणीतरी इथं लिहिलं, "नीटला मार्क पडले नाहीत म्हणून बापाच्या पैशावर बाहेर गेलेले आता परत येऊन आमच्या पोरांच्या पीजीच्या (एमडी-एमएसच्या) सीटा खातात." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून जरा लांबड लावतोय.

मी किर्गिझस्तानात, बिश्केकला डॉक्टर झालो. खातो म्हणजे काय करतो ओ? २०१८ पासून नीट पास नसेल तर बाहेरच्या डिग्रीला इथं कुणी विचारत नाही. परत आलं की एफएमजीई, बाहेरून शिकून आलेल्यांची पात्रता परीक्षा. ३०० पैकी १५० पाहिजेत, १४९ पडले की बसा पुढच्या परीक्षेची वाट बघत. २०२१ च्या नियमानं तिकडं एक वर्ष इंटर्नशिप, इकडं पुन्हा एक वर्ष. एवढं झाल्यावर नीट-पीजी, पीजीच्या सीटांची परीक्षा. तुमची पोरं देतात तीच, तेच प्रश्न, चुकलं की तसेच मार्क कापले जातात. माझी रँक त्याच यादीत होती. आणि बापाचा पैसा? आमच्या बापानं उसाचं बिल आणि सोसायटीचं कर्ज घातलंय. इथल्या खासगी कॉलेजच्या फीत अख्खं रान गेलं असतं.

जेआर टू, मेडिसिन: मी दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे पीजी शिकत वॉर्ड सांभाळणारा. यादी एकच, मान्य. वॉर्डात यादी घेऊन फिरायचं नसतं. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला राधानगरीकडनं सर्पदंशाची केस आली. विषाचा परिणाम कळायला साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग तिरकी करून गोठलंय का बघायचं. आमचा परदेशी पदवीधर पाचव्या मिनिटाला नळी हलवून "सर, गोठलं नाही" म्हणून आला! हे इथलं इंटर्न पोरगंसुद्धा सांगतं. एफएमजीईला दर वेळी बहुतेक जण आपटतात, ते काय उगीच?

बिश्केक रिटर्न: किर्गिझस्तानात घोणस-मण्यार चावत नाही, डॉक्टर. हे मी इथं इंटर्नशिपला शिकलो. तेव्हा तुमच्या कॉलेजची पोरं लायब्ररीत पीजीचे एमसीक्यू सोडवत बसलेली आणि वॉर्डात रक्त काढायला मी एकटा. तेही फुकट. आमचं ऐकून घ्यायला शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये (मानधनात) भेद करू नका.

शाहूपुरीकर: दोघंही मूळ सोडून भांडताय. एजंटांना कोण धरणार? "सहा वर्षांचं पॅकेज, इंडियन मेस, गॅरंटी पास." कसली गॅरंटी? माझ्या भाच्याला युक्रेन युद्धात परत यावं लागलं, तेव्हा त्याच्या एजंटानं फोनसुद्धा उचलला नाही.

गगनबावडा एसटी: सीट कुणाला मिळाली ह्याच्याशी आमचं काय देणंघेणं? आमच्या पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, एमओची (मेडिकल ऑफिसरची) पाटी आहे, खुर्ची आहे, माणूस नाही. सरकारी कॉलेजात स्वस्तात शिकायचं, वर्षभर सरकारी नोकरीचा बॉण्ड लिहून द्यायचा आणि मग दंड भरून मोकळं व्हायचं, असंच चाललं इतकी वर्षं. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की आम्ही कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात पोचणार कसं? त्या दिवसांत बीएएमएसच्या (आयुर्वेदवाल्या) मॅडमनीच आमची सून बाळंतपणातनं सोडवली. एमबीबीएस बघायला मिळाला तर फोटो काढून ठेवीन म्हणतो.

जेआर टू, मेडिसिन: काका, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मी बॉण्ड केलाय, एक दिवस न चुकवता. क्वार्टर गळकं, लॅब नाही, ऑर्डर निघायलाच महिने गेले. १९९२ पासून कागदावर रेसिडेंटला आठवड्याला ४८ तास आहेत. इथं तेवढे दोन दिवसांत भरतात. आधी व्यवस्था मागा, मग डॉक्टर मागा.

गगनबावडा एसटी: व्हय, क्वार्टर गळतं. आमची घरं काय सिमेंटची हायत? तुम्ही वर्षभर राहिला, आम्ही जन्मभर राहतोय. लई उपकार झाले.

जेआर टू, मेडिसिन: उपकाराची भाषा तुम्हीच काढली. पेशंट दगावला की कॉलर कुणाची धरतात? माझी धरलीय, शर्टाची दोन बटणं तुटेपर्यंत. तेव्हा गावातला एक माणूस मध्ये पडला नाही.

शाहूपुरीकर: एजंटांचं कुणी बोलणार आहे का?

गगनबावडा एसटी: कॉलर धरणाऱ्याला आम्ही बी चांगला म्हणत नाही. पण त्यानं बंद पीएचसी उघडत नाही. बिश्केकवाले डॉक्टर, तुमचं पीजी झालं की येताय का आमच्याकडं? सापाची नळी न हलवता बघता येते ना आता?

बिश्केक रिटर्न: येते काका. सरकारी कॉलेज आहे, पीजीचा बॉण्ड मलाही आहेच. पोस्टिंग कुठं निघतंय त्यावर आहे. बघू.

जेआर टू, मेडिसिन: घ्या, "बघू" म्हणाला. माझे शब्द मागे. इथल्या व्यवस्थेत पोरगं पूर्ण तयार झालंय, कुणी परदेशी म्हणू नका त्याला.