पुणे ते परळ सायकलवर, कॅन्सर रिसर्चसाठी पैसे गोळा करायचेत. सल्ला हवाय

पॅडलवाली:
नमस्कार मंडळी, इथे बरेच सायकलवाले आहेत म्हणून विचारतेय. वय ४९. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर झाला, आठ केमो, ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढल्या, मग रेडिएशन. सगळं टाटाला, परळला झालं. आता फक्त रोजची गोळी आणि सहा महिन्यांनी चेकअप. सायकल नंतर सुरू केली, आधी सोसायटीच्या आवारातच, कारण तेव्हा जिना चढताना मधल्या मजल्यावर बसायला लागायचं, आणि आता दर रविवारी ५०-६० किमी होतात.

जानेवारीत पुणे ते परळ दोन दिवसांत करायचं मनात आहे, साधारण दीडशे किमी, आणि त्यानिमित्ताने लोकांकडून टाटाच्या रिसर्चसाठी देणग्या मागायच्या. रिसर्चच का, तर तिसऱ्या केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, सलाईनच्या नळीतलं ते लाल औषध बघत मला म्हणाल्या, हे कोणी शोधून काढलं असेल गं, त्याचं भलं होवो. ते डोक्यातून जातच नाहीये.

प्रश्न तीन. डावा हात अधूनमधून सुजतो, एवढं अंतर झेपेल का? पैसे कसे घ्यायचे? आणि घरच्यांना घाटाची भीती वाटते, त्यांना काय सांगू?

घाटवाट:
ताई, आधी अभिनंदन. मी आतड्याच्या कॅन्सरमधून बाहेर पडलोय, २०१९ ची गोष्ट. हाताबद्दल लिहितो कारण माझी घाटात फजिती झालीये. केमोमुळे माझी बोटं बधिर झाली होती, शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, आणि तरी मी हट्टाने लोणावळ्याहून पहाटे सहाला निघालो, थंडीत बोटं आणखीनच मेली आणि उतारावर ब्रेक किती दाबलाय हे खाली बघितल्याशिवाय कळेना. एका वळणावर थांबलो तेव्हा पाय लटपटत होते. तुमची बोटं बधिर असतील तर आधी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बघा, कमी जोरात लागतो, आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज घाला, ऊन आल्याशिवाय निघू नका.

सुजेचं फिजिओला विचारूनच करा, सुजेसाठी स्लीव्ह (हाताची घट्ट बाही) दिली असेल तर घालून चालवा, हॅन्डल थोडं वर घ्या म्हणजे हातावर भार कमी येतो, पाठीवर सॅक अजिबात नको. त्या हाताला खरचटलं तरी लगेच धुवून औषध लावायचं, गाठी काढलेल्या हाताला इन्फेक्शन पटकन पसरतं. आणि ते लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं, त्यामुळे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून डॉक्टरांचा होकार घ्या, मगच तारीख ठरवा.

रस्ता जुन्या हायवेचाच धरा, एक्सप्रेसवेला सायकल चालत नाही. घाटात दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात, तिथे नीट वाट विचारून घ्या, शिंग्रोबाच्या देवळाकडून उतरतो तो जुना रस्ता. पहिला मुक्काम लोणावळ्याला ठेवा.

रोखठोक_नगरकर:
तुमच्या जिद्दीला सलाम, पण मला रिसर्चचं पटत नाही. टाटाच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक झोपतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्या काकांच्या वेळी आम्हीही दोन रात्री तसेच काढल्या. हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आहे, रिसर्चला सरकार देतंच की. तुमचे लाखभर जमले तर एखाद्याचं औषध होईल.

निळीशाई:
नगरकर, फुटपाथचं खरंय, ते बघून कोणाचंही काळीज हलेल. पण रिसर्च म्हणजे कोट्यवधींची मशिनंच असं नाही ना. टाटाच्याच डॉक्टरांनी देशातल्या अकरा सेंटरवर ब्रेस्ट कॅन्सरच्या सोळाशेच्या आसपास बायकांवर एक ट्रायल केली, २०२३ मध्ये छापून आली. ऑपरेशनच्या दहाएक मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, दातवाले भूल द्यायला वापरतात तेच, शंभरेक रुपयांचं काम. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ झाल्या. म्हणजे शंभरामागे तीन-चार बायका!

त्याआधी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास झाला, गर्भाशयाच्या मुखाला साधं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच, लावायचं आणि पांढरा डाग, म्हणजे धोक्याची खूण, उमटतो का बघायचं. बघणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या बायका होत्या. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. असल्या औषधात कोणत्या कंपनीला नफा नाही, मग ट्रायलला पैसे कोण लावणार? फुटपाथवर येण्याची वेळच कमी जणांवर यावी म्हणून हे पैसे.

बॉस्टनकरीण:
इथे अमेरिकेत १९८० मध्ये ३६ जणांनी पॅन-मास चॅलेंज नावाची सायकल राइड सुरू केली, पहिल्या वर्षी जेमतेम दहा हजार डॉलर जमले, आता एकूण आकडा एक अब्ज डॉलरच्या वर गेलाय आणि तो डॅना-फार्बर या बॉस्टनच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातो. त्यांची एक गोष्ट घ्या, रायडरने मागितलेला पैसा पूर्ण हॉस्पिटलला, राइडचा खर्च स्पॉन्सर बघतात. तुम्हीही मुक्काम, सायकल, खाणं स्वतःच्या खिशातून करा आणि तसं लिहून टाका. स्वतःच्या खात्यात एक रुपया घेऊ नका हो, लोकांना थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायला सांगा, आयकर सवलतीची पावतीही देणाऱ्याच्याच नावाने मिळते, तुम्ही फक्त आकडा लिहून ठेवा. आणि परदेशी नागरिक झालेल्या नातेवाइकांना आधी हॉस्पिटलला विचारायला सांगा, त्यांच्या पैशाला एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, वेगळं खातं लागतं.

रोखठोक_नगरकर:
निळीशाई, लिग्नोकेनचं मला माहीत नव्हतं. ताई, माझे हजार धरा. पण पावती दाखवाल ना सगळ्यांना?

पॅडलवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. बटणांचं वाचून कपाटातला शर्ट काढला आणि डोळे मिटून लावून बघितला, उजवा हात ठीक, डाव्याची शेवटची दोन बोटं अडखळली. म्हणजे ब्रेकचं बघायलाच हवं, दुकानदाराला फोन केलाय. नगरकर, पावती तुमच्याच नावाची तुमच्याकडे येईल, एकूण आकडा मी इथे टाकेन. रिसर्चसाठीच मागणार आहे, पण काकांच्या त्या दोन रात्री लक्षात राहतील.

गुरुवारी इको आहे. डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या रविवारी फक्त घाट उतरून बघणार, नवरा स्कूटरवर मागे असेल.