पंख्यासारख्या खुंट्यांचं जुनं मँडोलिन घेतलंय, वाजवता येईल का?

तारेवरची_कसरत:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त लिस्बनला येऊन दीड वर्ष झालं. गेल्या मंगळवारी सुट्टी होती म्हणून सांता क्लारा मैदानातल्या जुन्या बाजारात गेलो, फैरा दा लाद्रा म्हणतात त्याला, म्हणजे शब्दशः चोरणीचा बाजार, आणि नावाला जागून खिसा रिकामा करून परत आलो. ७० यूरोला एक वाद्य घेतलं. थेंबासारखं पोट, पाठ जवळजवळ सपाट (इटालियन मँडोलिनसारखी कलिंगडाची फोड नाही), आठ तारांच्या जागा पण तारा तीनच, आणि डोक्यावर पितळेचा पंखा त्यात छोटे छोटे स्क्रू आणि आकडे (तार अडकवायचे हूक). आत चिठ्ठी आहे ती किड्याने अर्धी खाल्लीये, "लिश्बोआ" एवढंच वाचता येतं. विकणारे आजोबा ठामपणे म्हणाले "गितारा". पण फोटो बघतो तर गितारा, म्हणजे पोर्तुगीज गिटार, बारा तारांची!

घरी आल्यावर उत्साहात दुकानातून मँडोलिनच्या तारा आणल्या, कशाबशा अडकवल्या आणि ट्यूनर लावून पिळत गेलो. ए ची जोडी ४४० ला पोचायच्या आधीच आतून "टक्" असा आवाज आला. तिथेच थांबलो. आता तबलीवर (पुढच्या लाकडी पाटीवर) भोकाच्या बाजूला जी बोटभर चीर होती ती आधीपासून तेवढीच होती का वाढली हे मला खरंच सांगता येत नाहीये. बाराव्या पडद्यावर तार ५ मिमी वर आहे.

प्रश्न: हे नक्की काय आहे? वाजवण्यालायक होईल का भिंतीवर टांगू? आणि ते पंख्याचं प्रकरण काढून साध्या खुंट्या बसवल्या तर चालेल का, कारण सुरात लावताना अक्षरशः रडू येतं.

जुनी_खुंटी:
आधी तारा सैल करा, उत्तर नंतर वाचा.

केल्या? बरं. आठ तारा चार जोड्यांत म्हणजे ते बांदोलिम, पोर्तुगीज मँडोलिन. आजोबांची पूर्ण चूक नाही, कारण गितारावरच्या पंख्यासारखाच पंखा काही बांदोलिमवरही बसवायचे, आणि शरीराची ठेवणही बहीण-भावासारखी. सूर व्हायोलिनचेच, जी-डी-ए-ई.

आता ते "टक्". तुम्ही आणलेल्या तारा बहुतेक अकराच्या सेटच्या असणार (ई ची तार ०.०११ इंच), दुकानात मँडोलिन म्हटलं की तोच सेट हातात ठेवतात. त्या आठही तारा पूर्ण सुरात लावल्या की ७०-८० किलोची ओढ बसते. ते आजच्या मँडोलिनला ठीक आहे ज्याच्या मानेत लोखंडी सळई असते. तुमच्या जुन्या वाद्याच्या मानेत सळई नसणार, ते नुसतं लाकूड आणि सरस यांच्या भरवशावर उभं आहे. ओढ तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणजे ११ च्या जागी ९ ची तार घेतली तर ८१ भागिले १२१, तिसरा हिस्सा ओढ तिथेच गेली. शिवाय एक अख्खा सूर खाली लावलं (एफ-सी-जी-डी) तर आणखी साधारण २० टक्के कमी. एकटे वाजवताना कुणाला कळतंय, आणि कुणाबरोबर वाजवायचं झालं तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावा की झालं.

आवाज बहुतेक तबलीखालची पट्टी सुटल्याचा आहे. हाताच्या बोटांनी तबलीवर हलके टकटक करत जा, जिथे खळखळ असा फाटका आवाज येईल तिथली पट्टी सुटलेली. आणि फेव्हिकॉल, इपॉक्सी, ते दोन सेकंदात चिकटवणारं काहीही लावू नका, हात जोडतो. जुनं काम सरसाचं आहे, सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो म्हणून शंभर वर्षांनीसुद्धा वाद्य उघडून नीट करता येतं. एकदा इपॉक्सी गेलं की पुढच्या कारागिराला लाकूड फोडूनच काढावं लागतं. मी स्वतः एका कवाकिन्योचं (छोटं पोर्तुगीज तारवाद्य) असं वाटोळं केलेलं आहे, त्यामुळे आवाज चढवून बोलतोय.

मधला_सा:
पंखा काढून टाका हो. मी एका जुन्या बांदोलिमवर साध्या गिअरच्या खुंट्या बसवून घेतल्या, दोन मिनिटांत सुरात लागतं. वाद्य वाजवायला असतं, संग्रहालयात ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

जुनी_खुंटी:
@मधला_सा तुमचं वाद्य, तुमची मर्जी, पण गिअर बसवायला डोक्यात नवी भोकं पाडावी लागली असतील ना? ती परत बुजत नाहीत. आणि पंखा त्रास देतो तो बहुतेक वेळा लावणाऱ्यामुळे, पंख्यामुळे नाही. प्रत्येक स्क्रू फिरवला की त्याचा आकडा खाचेत वरखाली सरकतो आणि तार ओढली जाते, बस. त्यात गुंडाळायला जागाच नाही. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना फास लागतो आणि लांबी आधीच बरोबर मापावी लागते. आकडा जवळजवळ पूर्ण खाली (नटकडे, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीकडे) असताना तार हाताने ताणून नुसती सैलसर बसली पाहिजे, म्हणजे वर सरकायला पूर्ण वाव राहतो. @तारेवरची_कसरत तुम्ही "कशाबशा अडकवल्या" लिहिलंय त्यावरूनच कळलं की फास आकड्यावर नुसता वेटाळलाय, तो घसरत राहणार आणि तुम्ही रडत राहणार. फास कसा करायचा: तार एका खिळ्याभोवती वळवून मोकळं टोक मूळ तारेभोवती सहा-सात घट्ट वेढे द्यायचे. पहिल्या दोन तारा वाया जातील, त्या धरूनच चार जास्तीच्या घ्या. स्क्रूच्या आट्यात तेलाचा एक थेंब, एकच, लाकडावर न सांडता. एकदा नीट लागला की हा पंखा गिअरपेक्षा कितीतरी बारीक सूर पकडतो, उगाच नाही गिताराने तो आजपर्यंत सोडला.

वाट_चुकलेली:
थोडं विषयांतर, पण या पंख्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून लिहितेच. ही मूळची पोर्तुगालची वस्तूच नाही! लंडनमध्ये १८ व्या शतकात जॉन प्रेस्टन नावाचे वाद्य बनवणारे होते, त्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते, तेव्हा ती घड्याळाच्या किल्लीसारख्या किल्लीने फिरवायचे. इंग्लिश गिटार नावाचं वाद्य तेव्हा तिकडे घरोघरी, आणि वाइनच्या धंद्यासाठी पोर्तोत राहणाऱ्या इंग्रजांबरोबर ते पोर्तुगालला आलं. १७९६ मध्ये तर अंतोनियो द सिल्वा लैते यांनी पोर्तोत त्याचं शिकवणीपुस्तकच छापलं. पुढे त्याचीच बारा तारांची गितारा झाली, फादो या पोर्तुगीज गाण्याच्या प्रकाराची. किल्ली गेली आणि बोटाने फिरवायचे स्क्रू आले.

आणि एकदा या बाजारात फिरायला लागलात की ओळखायला सोपी खूण सांगते. गिताराचं डोकं गोगलगायीसारखं वळलेलं असेल तर लिस्बनची, अश्रूच्या थेंबासारखं असेल तर कुइंब्राची. कुइंब्राची थोडी लांब असते आणि एक सूर खाली लावतात. कार्लुश पारेदेश (१९२५–२००४) वाजवायचे ती कुइंब्राची. एकदा ऐका, मग बांदोलिम बाजूला पडेल याची जबाबदारी माझी नाही :)

चार तारांचं पिटुकलं काही दिसलं तर ते कवाकिन्यो, आणि मदेइरा बेटावरचं असेल तर ब्रागिन्या. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेइराचे लोक होनोलुलूला उतरले, त्यात मानुएल नुनेश, औगुश्तु दियाश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम करणारे होते, त्यांनी तिकडे जे बनवायला घेतलं त्याचं पुढे उकुलेले झालं. म्हणजे तुमच्या हातातल्या वाद्याची चुलत भावंडं पार पॅसिफिकमध्ये आहेत. उत्तरेला ब्रागाजवळ टेबोसा गावात फक्त तारवाद्यांचं एक संग्रहालय आहे, जमलं तर नक्की जा.

चष्मा_पुसून:
एक रूक्ष मुद्दा. वाद्याची पाठ आणि बाजू गडद तपकिरी-काळ्या रेषांच्या लाकडाची असेल तर ते ब्राझिलियन रोझवुड असू शकतं, तिकडे पाउ-सांतु म्हणतात. हे झाड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या यादीत आहे. युरोपियन युनियनच्या बाहेर नेताना कागदपत्रं लागतात, नसतील तर वाद्य विमानतळावरच राहतं. कारागिराकडे न्याल तेव्हाच लाकूड कुठलं ते लिहून घ्या. अक्रोड असेल तर निवांत झोपा. आणि चिठ्ठीचा उरलेला तुकडा सोलून काढायला जाऊ नका, आधी मोबाईल भोकातून आत घालून फोटो काढा, पत्त्यातला रस्ता वाचता आला तरी वर्कशॉप शोधता येतं.

तारेवरची_कसरत:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. त्यांनी आरसा आत घातला आणि हसले, भोकाखालची पट्टी एका टोकाला सुटली होती, बाकी शाबूत. चीर जुनीच निघाली, आत धूळ बसलेली होती त्यात, म्हणजे मी निर्दोष. सरसाने पट्टी चिकटवली, चिरेला आतून लाकडाचे दोन छोटे ठिगळ लावले, घोडी थोडी घासली आणि जागेवरून ३ मिमी मागे सरकवली (मी बसवली होती ती अंदाजपंचे, बाराव्या पडद्यापासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं असतं हे आज कळलं). आता तार बाराव्यावर अडीच मिमी. लाकूड अक्रोड. १२० यूरो झाले, म्हणजे वाद्यापेक्षा दुरुस्ती महाग, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पंखा ठेवला. नऊच्या तारा, एफ-सी-जी-डी. पाच तारा वाया गेल्या फास शिकताना. आवाज मात्र, काय सांगू, इटालियन वाटीसारखा गोड नाही, थोडा कोरडा आणि खणखणीत, ट्रेमोलो केला की खोलीतला काचेचा ग्लास वाजतो. एकच तक्रार, वरच्या जोडीतली एक तार रोज सकाळी पाव सूर उतरलेली असते.

जुनी_खुंटी:
टेलपीसकडचा (तारा खाली बुडाशी अडकतात तिथला) फास बघा. वरचाच बघतात सगळे.

तारेवरची_कसरत:
चारच वेढे होते.